सातठिगळी

पुणे, १८ जून १९६२

हारुनभाईस अकिलाचा सलाम.

अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडता फळीवर टाकशील, हे मला माहीत आहे. म्हणून अम्माला सांगून ठेवलंय, की दोन दिवसांत त्याने फोडलं नाही तर शेजारी जसोदाबाईंकडे ने. त्या मोठ्याने वाचतील. आमच्या वर्गात शिकवताना त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, तेव्हा पत्र्याच्या भिंतीपलीकडे बसलेल्या तुला न ऐकून चालणार नाही.

मी पोचले. तू स्टेशनवर आला नाहीस ते बरं झालं, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. अमळनेर येईपर्यंत मी तुझ्यावर चिडून बसले होते. तिथून पुढे नुसतीच बसले होते.

एक गोष्ट कबूल करते. विसरवाडीच्या टायरवाल्यांना तू माझ्या लग्नाचा शब्द दिलास तो मला न विचारता, आणि मी नाही म्हटल्यावर तो परत घ्यायलाही तूच गेलास. भर रस्त्यावर, दुकानासमोर उभं राहून. त्यांनी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही, हे अम्माने मला नंतर सांगितलं. त्याचं मला वाईट वाटतं. नाही म्हटल्याचं वाटत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मिरची वाळवायच्या पथारीवर, शिवायला आलेल्या बारदानाच्या ढिगावर बसून तू जे बोललास ते मी वहीत उतरवून ठेवलंय. लोकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवणं हेच आता माझं काम आहे, तर सुरुवात तुझ्यापासून. तू म्हणालास, “तुले तीन वरीस दिनात. नही जमनं तं मुकाट घर येजो आन् मी सांगसू तठे निका करजो. जमनं तं तुन्ही पेटी मी सोता डोकावर लिसन टेसनपाईन बजारमाईन घर लई येसू.” बहिणीची पेटी भावाने डोक्यावर घेऊन भर बाजारातून न्यायची, म्हणून दोन हमाल हसले. तूही हसलास. मी तारीख लिहून घेतली. आजपासून धरून तीन वर्षं म्हणजे १८ जून १९६५.

प्रबंधाचं काम काय ते एकदाच सांगते. बाजारातले शब्द गोळा करायचे, म्हणजे मिरचीचे, बारदानाचे, तोलाईचे, गाडीबैलाचे, आणि कुठला शब्द कुठवर पोचलाय ते शोधायचं. सात ठिकाणं धरली आहेत. नंदुरबार, प्रकाशे, तळोदा, खापर, नवापूर, विसरवाडी आणि तोरणमाळ. तोरणमाळला घरात वेगळीच बोली, पण चारोळी विकायला खाली उतरलेला माणूस वर जाताना मिठाबरोबर आपले चार शब्दही नेतो. किती नेतो ते आजवर कोणी मोजलेलं नाही. माझ्या मार्गदर्शक डॉक्टर सरलाबाई म्हणतात, हे मोजायला इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र लागेल. असलं मोठं यंत्र मुंबईला अजून यायचंय. मी त्याच्या आधी पोचले आहे.

तुझी बहीण,
अकिला


पुणे, २ डिसेंबर १९६२

हारुनभाईस सलाम.

सहा महिन्यांत तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मी दोघांचं मिळून बोलते. लहानपणी तू आजारी असलास की असंच करायचे.

माझ्याकडे आता कार्डं आहेत. पंजाएवढी, जाड कागदाची. एका कार्डावर एक शब्द. वरच्या कडेला सात भोकं, सात ठिकाणांची. समज, एखादा शब्द खापरला चालतो. मग त्या कार्डावर खापरच्या भोकापासून कडेपर्यंत कात्रीने चीर द्यायची. भोक उघडं पडतं. पुढे गंमत अशी, की शंभर कार्डांची चवड धरून खापरच्या भोकातून सुई आरपार घालायची आणि उचलायची. ज्यांची भोकं चिरलेली ती कार्डं खाली गळून पडतात, बाकीची सुईला लटकून राहतात. पडली ती सगळी खापरची. न वाचता, न शोधता. पहिल्यांदा केलं तेव्हा मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले आणि शेजारच्या मुलीने दार वाजवलं.

अडचण सुईची आहे. इथे सगळ्या जणी लोकर विणायच्या सुया वापरतात. त्या वाकतात. निम्म्यात अडकतात आणि कार्डं फाटतात. मला बारदान शिवायचा दाभण हवा. अब्बांचा मागत नाही, तो तुझ्या हातात बसलेला आहे. दुसरा कुठलाही चालेल. गंजका असला तरी घासून घेईन.

द्यायचा नसेल तर तसं कळवायची गरज नाही. न कळवण्यात तू पटाईत आहेस.

अकिला


पुणे, २० जानेवारी १९६३

हारुनभाई,

पार्सल मिळालं. बारदानाच्या तुकड्यात शिवलेलं, टाके बावीस, बावीसही सारखे. आत चिठ्ठी नाही. मी तुकडा उलटा करून पाहिला, शिवणीत बोट घालून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

पण दाभण अब्बांचा आहे. नेढ्याजवळचा तो वाक मी ओळखते. त्यांच्यानंतर तो तू कोणाला हात लावू दिला नव्हतास.

मी व्हरांड्यात बसून रडले. मग आत येऊन चारशे कार्डं चाळली. एकही अडकलं नाही.

अकिला


नवापूर, ११ फेब्रुवारी १९६४

हारुनभाईस सलाम.

ऐकून चिडशील, पण दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. काल मी विसरवाडीला टायरवाल्यांच्या घरी गेले होते.

विसरवाडीचे शब्द ट्रकवाल्यांकडून, चहाच्या टपऱ्यांवरून गोळा झाले होते, पण घरातल्या बायकांचे राहिले होते. ज्या घरी जावं तिथे मला पाठवत, की टायरवाल्यांच्या आईला विचार, तिला सगळं ठाऊक असतं. दोन दिवस टाळलं. मग म्हटलं, ज्या शब्दांसाठी घर सोडलं ते या एका दारासाठी सोडायचे का. गेले. कोणाची कोण विचारल्यावर खरं नाव सांगितलं. बाईने पाट पुढे सरकवला. मग म्हणाली, मुलाचं लग्न झालं, सुरतेला असतो, त्याला एक लेकरू आहे. मी म्हटलं, छान. तिने चहा ठेवला आणि मला एकेचाळीस शब्द दिले. त्यातले सहा कोणीच सांगितले नव्हते.

निघताना तिने लोणच्याची बरणी दिली. म्हणाली, हे तुझ्या भावाला. त्या दिवशी त्याला पाणी विचारलं नाही, ते मला अजून खातं. बरणी एसटीने पाठवतेय. ती तरी फळीवर टाकून ठेवू नकोस. लोणचं तेलातलं आहे, पण तुझा राग त्याहून जास्त टिकतो.

कार्डं बाराशेच्या वर गेली. अर्ध्याहून जास्त मुदत संपली. मला भीती वाटते, हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून झालं.

अकिला


मुंबई, १० ऑक्टोबर १९६४

हारुनभाई,

यंत्र आलं! मी त्याच्या खोलीत बसून आले. हॉलच म्हण. आपल्या पथारीवरच्या पत्र्याच्या गोदामाएवढा, आणि आत इतकं गार की मी शाल पांघरून बसते. यंत्राला गार हवा लागते, माणसांनी काकडलं तरी चालतं.

जूनमध्ये ते आलं तेव्हापासून चार महिने मी त्याला काम सांगायला शिकतेय. हे म्हणजे नव्या हमालाला शिकवण्यासारखं आहे, फक्त हा हमाल आपणहून काहीही करत नाही. गोणी उचल म्हटलं की उचलत नाही. आधी वाक, मग हात लाव, मग धर, मग उचल, आणि ढिगातली गोणी संपली की थांब, हेसुद्धा सांगावं लागतं. थांब सांगायला मी विसरले तेव्हा ते एकाच शब्दाभोवती फिरत राहिलं आणि यंत्रघराचे साहेब माझ्याकडे बघत राहिले. आता मात्र चालतं. माझी शिकवणी पहिल्या दमात चालली त्या दिवशी मी समुद्रापर्यंत पळत गेले. बायका साडी नेसून पळत नाहीत म्हणे इथे. एक पळाली.

माझ्या कार्डांवरचं सगळं मी यंत्राच्या वेगळ्या कार्डांवर उतरवलंय. एकूण एक हजार आठशे साठ शब्द. पण साहेबांनी एक अट घातली आहे. किती शब्द एका ठिकाणचे, किती दोन ठिकाणचे, असे सातापर्यंत हाताने मोजून आणायचे, म्हणजे यंत्राचं उत्तर त्याच्याशी ताडून बघता येईल. मी म्हटलं, उद्या आणते. ते म्हणाले, तुम्ही मोजलेलं नको. तुम्हाला काय निघायला हवं ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्याला त्या शब्दांशी काही देणंघेणं नाही अशा माणसाने मोजलेलं आणा, पंधरा डिसेंबरच्या आत. आणलंत तर तुमची पाळी पुढच्या वर्षी मार्चमध्ये, नाहीतर जुलैत.

जुलैत म्हणजे आपली मुदत संपल्यावर. मी भांडले. त्यांचं बरोबर आहे हे कळत असूनही भांडले, हे तुला नवीन नाही.

वसतिगृहातल्या मैत्रिणीला दोनशे कार्डं मोजायला दिली. तिने चाळीस चुकवली. कारण ती शब्द वाचत बसली. हा शब्द तर आमच्या नाशकातही आहे म्हणाली, आणि नसलेली भोकं मनानेच उघडली. दुसरीचंही तेच. शिकलेल्या माणसाची नजर आधी अक्षरावर जाते. असा माणूस कुठून आणू?

नोव्हेंबरात घरी येतेय. तोरणमाळच्या काही शब्दांची खात्री करायची आहे, तीन आठवडे वर राहीन. कार्डांची पेटी घरी ठेवून जाईन.

अकिला


नंदुरबार, ५ नोव्हेंबर १९६४

हारुनभाई,

तू पथारीवर आहेस, मी घरात, आणि मी तुला पत्र लिहितेय. काल एका ताटलीत भाकरी खाल्ली, तरी तू अम्मालाच विचारलंस, हिला कालवण वाढलं का. अडीच वर्षं झाली, हारुनभाई. टायरवाल्यांनीसुद्धा माफ केलं.

गाडी सुटायची वेळ झाली. पेटी कोपऱ्यात आहे. कुलपाची किल्ली पुण्याला राहिली, म्हणून उघडीच आहे. हात लावू नकोस असं लिहिणार होते, पण तू तसाही लावणार नाहीस.

अकिला


नंदुरबार, २८ नोव्हेंबर १९६४

हारुन,

भाई लिहिणार नाही आज.

पेटी उघडली तेव्हा मला आधी कळलंच नाही. कार्डांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले. म्हटलं, अम्माने आवरलं असेल. एक गठ्ठा सोडला, दाभण घातला, उचलला. एकही कार्ड पडलं नाही. दुसरा. तिसरा. मग डोळ्यांजवळ धरून पाहिलं. माझी एकूण एक चीर तू खळ लावून, जुन्या कॅलेंडरच्या कागदाची ठिगळं चिकटवून बंद केली आहेस. त्यावर पुन्हा भोक नीट पाडलंस. एक हजार आठशे साठ कार्डं! ती फाटलेली नव्हती. ती मी फाडली होती. सात गावं पायाखाली घालून एकेक चीर दिली होती.

पथारीवर येऊन मी सगळ्यांदेखत ओरडले, ते तुला ऐकू गेलंच. मिरच्या खुडणाऱ्या भिकुबाईचे हात थांबले. तू मान वर केली नाहीस. गोणी शिवता शिवता म्हणालास, “फाटेल व्हतात, सांधी दिनात. फाटेल चीज कोनी घरमा ठेवस का?”

अडीच वर्षांनी बोललास ते हे.

पंधरा डिसेंबरला सतरा दिवस उरले आहेत. तू शर्त जिंकलास. सांग, कुठे करायचा निकाह.

अकिला


नंदुरबार, ३० नोव्हेंबर १९६४

हारुनभाई,

काल आणि परवा मिळून चार वेळा तुझ्याकडे यायला निघाले आणि दारातून परत फिरले. समोर आले तर नुसती रडेन. म्हणून पुन्हा कागद. हा जसोदाबाईंकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच. चौथी पास आहेस, आणि मी अक्षर मोठं काढलंय.

परवा संध्याकाळी अम्माने मला जवळ बसवलं. ती म्हणाली, तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने पेटी उघडली. एक कार्ड काढलं, दुसरं काढलं, सगळी काढली. मग एकेका चिरीवरून बोट फिरवत बसला. आणि तिला म्हणाला, “त्यास्नी मन्ही बहिनले बठ्ठं फाटेल सामान दिनं.” त्या दिवसापासून रोज कामावर जायच्या आधी, दुपारच्या सुट्टीत आणि रात्री उशिरापर्यंत तू ठिगळं लावत होतास. अम्मा खळ शिजवून देत होती. वीस दिवस. पुण्याच्या लोकांनी गरिबाची पोर म्हणून तुझ्या बहिणीच्या गळ्यात फाटका माल मारला, असं तुला वाटलं. आणि तिला चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून तू तो नवा करून ठेवलास.

आणि मी पथारीवर उभी राहून ओरडले. मला माफ कर. हे मी लिहूनच सांगतेय असं समजू नकोस, तोंडानेही सांगणार आहे.

आता पुढचं ऐक. नीट ऐक.

काल सकाळी ठिगळं सोडवायला बसले. म्हटलं, ठिगळ आहे तिथे चीर होती, गेलं तर काही नाही, फक्त वेळ. पहिला गठ्ठा घेतला. सुतळीला तीन गाठी. आतल्या प्रत्येक कार्डावर तीन ठिगळं. दुसरा गठ्ठा, पाच गाठी. प्रत्येकावर पाच. मग मी गठ्ठे जमिनीवर मांडले आणि मला एकदम पथारीवरची तुझी कोपऱ्यातली जागा दिसली. रिकामी बारदानं परत आली की तू ती सांधतोस आणि ठिगळं मोजून वेगवेगळ्या थप्प्या लावतोस. एकठिगळीत लांब जायची मिरची, दोनठिगळीत जवळची, अशी उतरत उतरत सातठिगळी कोंड्याला आणि भुशाला. सांधलं की थप्पी लावल्याशिवाय तुझा हात थांबतच नाही. कार्डांनाही तू तेच केलंस. एकठिगळी, दोनठिगळी, पार सातठिगळीपर्यंत.

एक ठिगळ म्हणजे एक ठिकाण, हारुनभाई. ज्या शब्दावर तीन ठिगळं तो तीन गावांत चालतो. साहेबांना हवी ती मोजणी तू करून ठेवली आहेस. जो शब्दाकडे बघत नाही, फक्त भोकाकडे बघतो, असा माणूस मी मुंबई-पुण्यात शोधत होते आणि तो आपल्या घरात खळ लावत बसला होता. मी सगळे गठ्ठे तपासले. एक हजार आठशे साठ कार्डांत तुझं एकही चुकीच्या गठ्ठ्यात नाही. तोरणमाळहून आणलेल्या खात्रीप्रमाणे अकरा कार्डांना एकेक ठिकाण वाढलं, ती तेवढी मी पुढच्या गठ्ठ्यांत हलवली आणि त्यांची यादी यंत्राच्या कार्डांसाठी वेगळी ठेवली.

आणखी एक. तुझ्या थप्प्यांत सातठिगळी सगळ्यांत खालची. माझ्यात ती सगळ्यांत वरची. तो शब्द सगळ्यांचा.

ठिगळं मी काढणार नाही. तशीच नेणार आहे.

तुझी अक्की


मुंबई, १९ मार्च १९६५

हारुनभाई, हारुनभाई,

आधी शेवट सांगते, मग सुरुवात. आपण जिंकलो.

आज दुपारी दोन वाजता माझी पाळी होती. सरलाबाई पुण्याहून आल्या होत्या. यंत्राने कार्डं खाल्ली, आपण भजी खातो तितक्या वेळात. लांब कागदाची घडी बाहेर आली. साहेबांनी तुझी मोजणी शेजारी ठेवली आणि पेन्सिलीने ताडायला लागले. एकठिगळी, बरोबर. दोनठिगळी, बरोबर. तीन, चार, पाच, बरोबर. सहाला थांबले. यंत्र तीन जास्त दाखवत होतं. सातला तीन कमी. तू म्हणतोस एकशे सेहेचाळीस, यंत्र म्हणतं एकशे त्रेचाळीस.

साहेब हसले. वाईट नाही हसले, पण हसले. म्हणाले, हाताचं काम आहे, तीन चुका म्हणजे फार झाल्या नाहीत. यंत्राचा आकडा लिहून घ्या.

मी म्हटलं, नाही. माझा भाऊ चुकत नाही.

हे मी सगळ्यांसमोर म्हटलं, आणि म्हटल्यावर घाबरले. कारण तू चुकला असतास तर माझ्या बाकी आकड्यांवरही त्यांनी विश्वास ठेवला नसता. सरलाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तुझा सात गाठींचा गठ्ठा काढला, कोपऱ्यातल्या टेबलावर बसले आणि यंत्राच्या यादीशी एकेक कार्ड लावत गेले. तास गेला. तीन कार्डं उरली. दाभण, सुतळी आणि ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ. तिन्हींवर तुझी सात सात ठिगळं, आणि यंत्राच्या कार्डांवर उतरवताना तोरणमाळचं भोक पाडायला विसरलेली मी. चूक माझी होती. यंत्राने माझीच चूक इमानदारीने मोजली होती.

तीन कार्डं नवी केली. साहेबांनी पुन्हा पाळी दिली. या वेळी हॉलमधले सगळे येऊन उभे राहिले. कागद बाहेर आला. सात ठिकाणांचे शब्द, एकशे सेहेचाळीस.

साहेब उठून उभे राहिले. त्यांनी विचारलं, ही मोजणी करणारे तुमचे बंधू कुठे शिकले? मी म्हटलं, बारदानात. त्यांना वाटलं ही कुठली तरी संस्था असेल. त्यांनी मान डोलावली, आणि मी दुरुस्त केलं नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या एकशे सेहेचाळीस शब्दांतले निम्म्याहून जास्त पथारीवरचे आहेत. तोलाईचे, शिवणीचे, ओझ्याचे. घरी कोणी भिलोरी बोलो, कोणी गुजरी, कोणी आपल्यासारखी खिचडी. तुझ्या कोपऱ्यातले शब्द सगळ्यांकडे पोचले आहेत, पार तोरणमाळच्या चढावर. माझ्या प्रबंधात हे सिद्ध झालेलं असेल, मोजून, दोनदा ताडून. सरलाबाई म्हणाल्या, अकिला, हे आजवर या यंत्रावर आपल्याकडे कोणी केलेलं मला ठाऊक नाही. मी आज जेवले नाही. भूकच नाही. आनंदाने पोट भरतं हे मी आजवर खोटं समजत होते.

तुझी अक्की


पुणे, १२ जून १९६५

प्रिय हारुनभाई,

प्रबंध मंजूर झाला. बुधवारी कळलं. परीक्षकांनी दोन तास प्रश्न विचारले, त्यातले बरेच तुझ्या गठ्ठ्यांबद्दल. ठिगळं लावलेली कार्डं त्यांनी हातात घेऊन पाहिली. एकाने विचारलं, यावर तारखा कसल्या? मी म्हटलं, कॅलेंडरच्या. एका कार्डावर आपल्या ईदची तारीख आली आहे, लाल. ते कार्ड मी मुद्दाम वर ठेवलं होतं.

प्रबंधाच्या चौथ्या पानावर तुझं नाव छापलंय. मी जसंच्या तसं उतरवते: ‘हातमोजणी: हारुन गफूर, बारदान कारागीर, मिरची पथारी, नंदुरबार.’ आभाराची बाकीची नावं त्याच्या खाली आहेत. सरलाबाईंचं पण. त्यांनीच तसं सांगितलं.

जुलैपासून मुंबईच्या यंत्रघरात मला जागा मिळाली आहे. आता पुढचं काम असं, की यंत्राला शब्द नाही, सबंध वाक्यं द्यायची. साहेब म्हणतात, दहा वर्षं लागतील. मी म्हटलं, तीन. शर्त लावायला ते तयार नाहीत.

आणि काल तुझं पत्र आलं. तीन वर्षांत पहिलं. मी पोस्टमनला थांबवून ठेवलं आणि त्याच्यासमोरच वाचलं. सबंध पोस्टकार्डावर एकच ओळ, तीही इतकी ठळक, की मागच्या बाजूला उमटली आहे.

“पेटी कितली जड शे?”

उत्तर देते. जड आहे. एक हजार आठशे साठ कार्डं आहेत, ठिगळांसकट. प्रबंधाच्या दोन प्रती आहेत, एक तुझी. यंत्राच्या कागदाची घडी आहे, उलगडली तर आपल्या दारापासून जसोदाबाईंच्या दारापर्यंत जाईल, अम्माला तशी उलगडून दाखवायची आहे. अब्बांचा दाभण आहे, तो तुझ्या हातात परत द्यायचा आहे. विसरवाडीची बरणी रिकामी करून तू अम्माकडून मला का पाठवलीस ते कळलं नाही, पण तीही आहे, भरून परत त्यांच्याकडे पाठवू. इथल्या हमालाने पेटी उचलून पाहिली आणि दुसऱ्याला हाक मारली.

पण शर्त तू एकट्याने उचलायची लावली होतीस. स्टेशनपासून बाजारातून घरापर्यंत, असं वहीत आहे. कोणी हात लावायचा नाही, फक्त बघायचं, असं भिकुबाईला आणि त्या दिवशी हसलेल्या दोन्ही हमालांना सांगून ठेव.

सतरा तारखेला, गुरुवारी सकाळच्या गाडीने उतरतेय. मुदतीला एक दिवस बाकी आहे.

येताना चुंबळ घेऊन ये.

तुझी अक्की